कोणती लाईन धरायची?

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त कासू येथे झालेल्या विद्यार्थी गुणगौरव कार्यक्रमात केलेले भाषण)



मी काही मोठा वक्ता नाही. गिरणीत काम केलेला माणूस आहे. शाळा रात्रीची, ती पण दहावीपर्यंत. त्यापुढे जे काही शिकलो ते नायगावच्या ग्रंथालयात बसून आणि चळवळीच्या सभांमधून. कार्यकर्ते म्हणाले, मुलांना मार्गदर्शन करा. मार्गदर्शन हा शब्द मला जरा जड वाटतो. पण निकाल लागल्यापासून निदान दहा-बारा घरांतून मला एकच विचारणा झाली, "काका, पोराला कोणती लाईन घेऊन द्यायची?" त्या एका प्रश्नावर मला जे समजले आहे तेवढेच आज बोलतो.

आपल्याकडे हा प्रश्न कसा सुटतो ते आधी बघा. मार्कलिस्ट आली की टक्के बघायचे. ऐंशीच्या वर असतील तर सायन्स, साठ-सत्तर असतील तर कॉमर्स, त्याच्या खाली आर्ट्स. बाजारात टोमॅटो निवडतात तशी पोरं निवडायची. पोराचा हात कशात चालतो, त्याला कशात गोडी आहे, हे विचारायचेच नाही. दुसरी रीत मैत्रिणीची. ती जिकडे तिकडे ही. आणि तिसरी रीत गाडीची. ज्या बाजूची एसटी, मिनीडोअर नाहीतर रेल्वे वेळेवर मिळते त्या बाजूचे कॉलेज, आणि त्या कॉलेजात जे असेल ते. ही तिसरी रीत मी हसण्यावारी नेत नाही. घरात पैसा नसला की गाडीभाडे हाच शिक्षणाचा मोठा खर्च असतो. २०२५-२६ पासून राज्यभर अकरावीचे प्रवेश ऑनलाईन झाले, तेव्हापासून चौथी रीत आली आहे. सायबर कॅफेवाला भरेल ती लाईन. बाप बाहेर बाकड्यावर बसलेला असतो, आणि आत कोणीतरी घाईघाईने पोराच्या पुढच्या चाळीस वर्षांचा पसंतीक्रम भरत असतो.

आम्ही गिरणीत विषय म्हणत नव्हतो, खातं म्हणत होतो. ब्लो रूम, कार्डिंग, रिंग खातं, वाइंडिंग, सायझिंग, साचे, फोल्डिंग. गेट एक, भोंगा एक, कॅन्टीन एक. पण माणूस कोणत्या खात्यात लागला यावर त्याची मजुरी ठरायची, त्याची छाती किती वर्षांत कापसाच्या धुळीने भरणार ते ठरायचे, आणि गिरणी बंद पडल्यावर त्याला बाहेर कोण विचारणार तेही ठरायचे. ज्याला वायरमनचे, फिटरचे, बॉयलरचे काम येत होते त्याला दुसरीकडे दार उघडले. ज्याने तीस वर्षे नुसते बोजे उचलले त्याला वॉचमनची टोपी मिळाली. तो माणूस कमी मेहनती नव्हता हे मी शपथेवर सांगतो.

आणि ही खात्याची गोष्ट आपल्याला नवीन नाही. मुंबईच्या गिरण्यांत साचे खात्यात मजुरी चांगली होती, आणि त्याच खात्यात आपल्या माणसांना शिरकाव नव्हता. कारण काय, तर धोट्यात नवी कांडी भरली की तिचे सूत धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागायचे. अस्पृश्याच्या तोंडचा धोटा दुसऱ्याने कसा लावायचा? एवढ्या कारणासाठी आपल्या मागच्या पिढ्या कमी मजुरीच्या खात्यांत अडकून पडल्या. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. नुसती भाकर मागून भागत नाही, भाकर ज्या खात्यात आहे त्या खात्याचे दार उघडे पाहिजे, हे त्यांनी तेव्हा ओळखले होते. आज कॉलेजच्या दाराशी तोंडाने सूत ओढायला कोणी सांगत नाही. पण खाती आहेतच. गेट एक, ड्रेस एक, आणि आत गेल्यावर रस्ते वेगळे.

खुद्द बाबासाहेबांच्या विषयाची गोष्ट बघा. त्यांना शाळेत संस्कृत शिकायचे होते. शिक्षकाने नाकारले, म्हणून पर्शियन घ्यावे लागले. १९०७ साली ते मॅट्रिक झाले. त्यानंतर पाचच वर्षांनी, १९१२ साली, आपल्या रोह्याचे चिंतामणराव देशमुख मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिले आले, आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. दोघेही जात्याच हुशार, दोघांचे मूळ या कोकणपट्टीतले. एकाला जो विषय घेऊ दिला नाही त्याच विषयाचे बक्षीस दुसऱ्याला मिळाले. यात देशमुखांचा काही दोष नाही. माणूस मोठाच होता, आणि रोह्याने त्यांचा अभिमान बाळगावा असाच होता.

पुढे काय झाले ते ऐका, कारण पालकांसाठी त्यात खरी गोम आहे. देशमुख केंब्रिजला गेले आणि शिकले काय? वनस्पतिशास्त्र, रसायन, भूगर्भशास्त्र. वनस्पतिशास्त्राचे तर त्यांना तिथे बक्षीस मिळाले. १९१८ साली ते आयसीएसला पहिले आले, १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, १९५० साली देशाचे अर्थमंत्री. झाडापानांचा अभ्यास केलेला माणूस रुपयाच्या नोटेवर सही करू लागला. तेव्हा कोणी म्हणेल, बघा, विषयाला काही महत्त्व नाही, हुशारी पाहिजे. थांबा जरा. देशमुखांचे वडील वकील होते. घरात जमीन होती, पुस्तके होती, केंब्रिज म्हणजे काय हे ठाऊक असलेली माणसे आसपास होती. ज्याच्या पाठीशी असे घर आहे त्याने कोणताही विषय घ्यावा. त्याचा एक डाव फसला तरी दुसरा टाकायला त्याच्याकडे पैसा असतो, ओळख असते. आपल्याकडे एका पोराच्या शिक्षणासाठी दुसऱ्याचे शिक्षण थांबलेले असते. मोठी बहीण घरी बसलेली असते. आपल्याला डाव एकच मिळतो. म्हणून विषय निवडताना आपण श्रीमंतापेक्षा जास्त विचार केला पाहिजे, आणि करतो मात्र कमी.

बाबासाहेबांनी विचार कसा केला? १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबियाला गेले. शिष्यवृत्ती तीन वर्षांची, आणि परत येऊन संस्थानची दहा वर्षे नोकरी करायचा करार. तिथे अर्थशास्त्र मुख्य धरले आणि जोडीला समाजशास्त्र, इतिहास, मानववंशशास्त्र. बडोद्याला परत आले तर १९१७ साली राहायला जागा मिळेना. हातात परदेशची पदवी, आणि डोक्यावर छप्पर नाही. नोकरी सोडावी लागली. पुढे सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पैसे साठवले, परत लंडनला गेले. तिथे एका बाजूने लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्र आणि दुसऱ्या बाजूने ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरी. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्याच साली त्यांनी मुंबईत वकिली सुरू केली. हे त्यांनी कोणत्या हिशेबाने केले ते त्यांच्या मनात शिरून मी सांगू शकत नाही. पण मला कामगार म्हणून जे दिसते ते असे. अर्थशास्त्राने त्यांना समाजाचे दुखणे कुठे आहे ते दाखवले, आणि वकिलीने त्यांना कोणाच्या दाराशी नोकर म्हणून उभे राहावे लागले नाही. एक विषय समजण्यासाठी, एक विषय स्वतःच्या पायावर उभे राहण्यासाठी. आणि गंमत बघा, १९५०-५१ मध्ये हे दोघे, रुपयाचा अभ्यास केलेले कायदामंत्री आणि झाडांचा अभ्यास केलेले अर्थमंत्री, एकाच मंत्रिमंडळात बसत होते.

आता आपल्या दारातले बोलू. आपले कासू कुठे आहे? एका अंगाला पेण, दुसऱ्या अंगाला नागोठणे-रोहा. १९८६ साली रेल्वे रोह्यापर्यंत आली. हायवे आहे. थळला खताचा कारखाना, नागोठण्याला पेट्रोकेमिकल, डोलवीला पोलाद, धाटावला एमआयडीसीत रसायनांचे कारखाने. म्हणजे पोराने सकाळी डबा घेऊन निघावे आणि संध्याकाळी घरी यावे इतक्या अंतरावर देशातले मोठमोठे उद्योग उभे आहेत. आणि आपली पोरं तिथे काय करतात? मी कोणत्याही कारखान्याचे नाव घेत नाही, ही सगळीकडची तऱ्हा आहे. ठेकेदाराकडे लागतात. झाडलोट, बागकाम, गोणी भरणे, ट्रक खाली करणे. कंट्रोल रूममध्ये बसलेला माणूस बाहेरून आलेला, आणि त्याच्या खिडकीची काच पुसणारा आपला. जमिनी इथल्या गेल्या, पाणी इथले गेले, वास आपल्या नाकात आला. मोर्चे आपण काढले, स्थानिकांना नोकऱ्या द्या म्हणून. काढलेच पाहिजेत. पण साहेब खाली येऊन विचारतो, "इन्स्ट्रुमेंटचा माणूस आहे का? बॉयलरचा परवाना कोणाकडे आहे?" तेव्हा मोर्चातली शंभर माणसे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

म्हणून ज्यांना लवकर हाताला काम पाहिजे त्यांनी या गेटच्या आत कोणकोणती खाती असतात ते नीट समजून घ्यावे. आयटीआय म्हटले की आपल्या डोक्यात फक्त फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन. तेही चांगलेच. पण रसायनाच्या कारखान्यासाठी वेगळे ट्रेड आहेत. अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट म्हणून एक आहे, दोन वर्षांचा. इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक आहे. प्लांटमध्ये दाब किती, उष्णता किती, पाइपातून माल किती वाहतोय, हे मोजणारी जी यंत्रणा असते ती सांभाळणारा हा माणूस. लॅबोरेटरी असिस्टंट आहे. हे सगळे ट्रेड प्रत्येक आयटीआयमध्ये नसतात, तेव्हा फॉर्म भरण्याआधी जाऊन विचारायचे. बॉयलरवर परीक्षा पास झालेला परवानाधारक माणूस लागतोच, त्याच्याशिवाय बॉयलर चालवता येत नाही. गिरणीत बॉयलर अटेंडंटचा रुबाब मी बघितला आहे. मॅनेजरसुद्धा त्याच्याशी जपून बोलायचा.

आणि आयटीआय म्हणजे शिक्षण संपले असे समजू नका. दोन वर्षांचा आयटीआय झालेल्याला पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेशाचा रस्ता आहे. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा झालेल्याला इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दहावीनंतर पॉलिटेक्निकला सीईटी नाही, दहावीच्या मार्कांवर प्रवेश होतो. हा रस्ता आपल्यासारख्यांसाठी मला फार भला वाटतो, कारण वाटेत प्रत्येक टप्प्यावर हातात काहीतरी असते. घरात आजारपण आले, मधेच थांबावे लागले, तरी पोरगा रिकाम्या हाताने बाहेर पडत नाही. माणगाव तालुक्यात लोणेरेला बाबासाहेबांच्या नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ १९८९ साली झाले. तिथे केमिकल आणि पेट्रोकेमिकल इंजिनीअरिंग शिकवतात. नागोठण्याचा कारखाना आणि लोणेऱ्याचे विद्यापीठ दोन्ही आपल्याच जिल्ह्यात आहेत, आणि दोन्हीकडे आपली किती पोरं आहेत ते बोटांवर मोजून बघा.

अकरावी सायन्स घेणाऱ्यांना एक गोष्ट कळकळीने सांगतो. गणित सोडताना दहा वेळा विचार करा. गणित सोडले की इंजिनीअरिंगचे दार बंद. जीवशास्त्र सोडले की डॉक्टरकी आणि बी.एस्सी. नर्सिंग बंद. झेपत असेल आणि मन पक्के नसेल तर दोन्ही ठेवता येतात. सायन्सवाला उद्या आर्ट्सला जाऊ शकतो, कायद्याला जाऊ शकतो, बँकेच्या परीक्षेला बसू शकतो. आर्ट्सवाला पुढे सायन्सला येऊ शकत नाही. ही दारे एकाच बाजूने उघडतात. पण याचा अर्थ सगळ्यांनी सायन्सच घ्यावे असा नाही. गणितात नापास होत होत दोन वर्षे घालवलेले आणि मग शिक्षणच सोडलेले पोरगे मी जवळून पाहिले आहे. त्याला इतिहासातल्या लढाया तारखांसकट पाठ होत्या. त्याला आर्ट्सला घालायला घरच्यांना लाज वाटली.

ही लाज पहिली सोडा. आर्ट्स म्हणजे नापासांची धर्मशाळा नव्हे. बाबासाहेबांचे अर्थशास्त्र आर्ट्समध्येच येते. मात्र आर्ट्स घ्यायचे तर नीट घ्या. अर्थशास्त्र घ्या, इंग्रजी पक्के करा, जोडीला कॉम्प्युटर, हिशेब, टायपिंग, काहीतरी हाताचे ठेवा. बारावीनंतर सीईटी देऊन पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम कोणत्याही शाखेच्या मुलाला मिळतो. नर्सिंगमध्ये जीएनएमसाठी आर्ट्स-कॉमर्सच्या मुलीही पात्र असतात, हे आपल्या कितीतरी आयांना ठाऊक नाही.

बी.एस्सी. करणाऱ्यांसाठी पण एक सांगायचे आहे. केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेला मुलगा कारखान्याच्या लॅबमध्ये लागतो, आणि तिथेच रुळतो. त्याने पुढचे एक पाऊल टाकावे, औद्योगिक सुरक्षेची पदविका घ्यावी. १९८४ ला भोपाळ झाले, आणि १९८७ साली कारखान्याच्या कायद्यात दुरुस्ती होऊन धोकादायक कारखान्यांवरची बंधने वाढली. अशा मोठ्या कारखान्यांत सुरक्षा अधिकारी ठेवावा लागतो. आणि महाराष्ट्राने १९८२ साली सुरक्षा अधिकाऱ्यांसाठी जे नियम केले त्यांत एक अट अशी होती की या माणसाला कामगारांची भाषा आली पाहिजे. ही अट मी वाचली तेव्हा मला फार बरे वाटले. आपली भाषा म्हणजे गावंढळपणा असे आपल्याला आयुष्यभर ऐकवले, आणि इथे कायदाच म्हणतो की ती पात्रता आहे. गॅस गळाल्यावर कुठल्या बाजूने पळायचे हे ठेकेदाराच्या बाईला तिच्या भाषेत सांगणारा अधिकारी आपल्यातून का होऊ नये? ती बाई बहुधा आपलीच मावशी असते.

आता कॉलेजांत नवीन राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आले आहे. धोरण २०२० चे, मुंबई विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांत ते २०२४-२५ पासून लागू झाले. त्यात मुख्य विषयाला मेजर म्हणतात, जोडीच्या विषयाला मायनर. बाबासाहेबांनी जे स्वतःच्या हिमतीवर केले त्याची आता सरकारने चौकट करून दिली आहे म्हणा ना. मेजर जो मनाला भावतो तो घ्या, मायनर पोटाला उपयोगी पडेल तो घ्या. नाहीतर उलट करा. पण दोन्ही डोळे मिटून घेऊ नका. शिवाय या धोरणात प्रत्यक्ष कामावरचे प्रशिक्षण अभ्यासक्रमात धरले आहे, त्याला क्रेडिट आहेत. ते प्रशिक्षण ओळखीच्या झेरॉक्सच्या दुकानातून सही-शिक्का आणून उरकू नका. कारखान्यात, दवाखान्यात, सीएच्या ऑफिसात, वकिलाकडे, कुठेतरी खरोखर जाऊन बसा.

याच धोरणात आणखी एक सोय आहे, तिच्याबद्दल मी जरा सावध आहे. पहिल्या वर्षानंतर थोडे जादा कौशल्याचे काम करून बाहेर पडलात तर सर्टिफिकेट, दुसऱ्या वर्षानंतर डिप्लोमा, तीन वर्षांनी पदवी, चार वर्षांनी ऑनर्स. कागदावर सोय चांगली दिसते. पण बाहेर पडायचे दार श्रीमंताच्या पोरासाठी उघडले तर तो फिरून परत आत येतो. आपला पोरगा एकदा कामाला लागला, हातात महिन्याचे पैसे आले, की परत वर्गात येत नाही. पूर्वी ज्याला आपण शिक्षण सोडले म्हणायचो त्याला आता सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडला म्हणायचे, असे होऊ देऊ नका. पॉलिटेक्निकचा टप्पा आणि हा टप्पा यात फरक आहे. तिथे बाहेर पडणाऱ्याला कारखाना ओळखतो. बी.ए.च्या एका वर्षाच्या सर्टिफिकेटला कोण ओळखतो ते आधी चार कंपन्यांत विचारून या, मग ठरवा.

स्पर्धा परीक्षांचे वेड आहे, त्यावरही बोललेच पाहिजे. एमपीएससी जरूर करा. आपली पोरं कलेक्टर कचेरीत खुर्चीवर बसली पाहिजेत. पण पदे शेकड्यांत निघतात आणि अर्ज लाखांत येतात. पदवी कोणतीही चालते म्हणून सोपी पदवी घ्यायची, आणि मग पुण्यात खोली घेऊन सहा-सात वर्षे बसायचे, घरून पैसे मागवायचे, हा हिशेब मला पटत नाही. परीक्षेचा अभ्यास करणाऱ्याने पदवी अशी घ्यावी की परीक्षा हुकली तरी चूल पेटेल. बार्टीचे प्रशिक्षण आहे, त्याचा फायदा घ्या. पण स्वतःला किती वर्षे द्यायची तो आकडा पहिल्याच दिवशी वडिलांसमोर बोलून ठेवा.

कागदपत्रांची गोष्ट रटाळ आहे, तरी ऐका, कारण दरवर्षी आपली दोन-तीन पोरं गुणांवर नाही, कागदावर मागे पडतात. जातीचा दाखला वेगळा आणि जात पडताळणीचे प्रमाणपत्र वेगळे. व्यावसायिक प्रवेशाला पडताळणी लागते. तिचा अर्ज अकरावी-बारावी सायन्सला असतानाच कॉलेजमार्फत करायचा. त्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा शोधावा लागतो. आजोबा-पणजोबांच्या शाळेचा दाखला, जुना सातबारा, जन्म-मृत्यूची नोंद. हे कागद एका दिवसात सापडत नाहीत. पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, त्याच्या वर असेल तर फ्रीशिप. दोन्हीचे अर्ज महाडीबीटीवर. वसतिगृहात नंबर लागला नाही तर स्वाधार योजना आहे. परदेशी शिकायचे तर राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ७५ मुलांना. त्या ७५ मध्ये कासूचा एक का नसावा, असा प्रश्न मला पडतो.

इतर समाजाचे बांधव इथे बसले आहेत, त्यांनाही सांगतो. २०२४-२५ पासून ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी सरकारने माफ केली आहे. मुलगी हुशार आहे पण फी झेपत नाही, हे कारण आता पुढे करता येणार नाही. खरे कारण वेगळे असते. स्टेशनवरून संध्याकाळी घरी येताना अंधार होतो, हे ते कारण. त्यावर उपाय तिचे कॉलेज सोडवणे हा नाही. भावाने, काकाने स्टेशनवर जाऊन उभे राहायचे. महिनाभर मी उभा राहीन, माझ्याकडे वेळ आहे. २०२० च्या मार्चमध्ये आमचे साचे थांबले ते परत चालू झाले नाहीत.

जाता जाता एक. आपल्याच पेण तालुक्यातल्या गागोद्याचे विनोबा. त्यांनी आपली शाळेची सर्टिफिकेटे चुलीत घातली आणि १९१६ साली इंटरची परीक्षा टाकून काशीला गेले. मोठ्या माणसाचे मोठे काम, मी त्यांना नमस्कार करतो. पण मुलांनो, ज्यांच्या घरात पिढ्यान्पिढ्या कागद होते त्यांनी ते जाळावेत. आपल्या घरात सर्टिफिकेट यायला फार वर्षे लागली. ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, पावसाचे पाणी येणार नाही अशा जागी ठेवा.

मला विचारतात, "काका, तुम्ही एक लाईन सांगून टाका ना." मी सांगणार नाही. मी तुमच्याकडे एक काम देतो. ज्या विषयाचे नाव तुमच्या मनात आहे, तो विषय घेऊन आज पोट भरणारी दोन माणसे गाठा. कॉलेजातले शिक्षक नव्हे, ते काम करणारी माणसे. त्यांना विचारा, सकाळपासून संध्याकाळपर्यंत तुम्ही काय करता? पहिला पगार कधी आणि किती मिळाला? नोकरीला घेताना कोणता कागद मागितला? मार्कलिस्ट मागितली की काम करून दाखवायला सांगितले? आज परत अकरावीला असता तर हेच घेतले असते का? उत्तरे वहीत लिहा. तीस किंवा तीसपेक्षा जास्त माणसे असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात, १९६१ च्या अॅप्रेंटिस कायद्याखालच्या नियमांत २०१९ साली तशी तरतूद झाली. पदवीधरांनाही त्यात जागा असते. तेव्हा त्याच फेरीत हेही विचारून घ्या की तुमच्याकडे शिकाऊ उमेदवार घेतात का आणि अर्ज कुठे करायचा.

विहाराच्या समितीशी मी बोललो आहे. येत्या रविवारपासून सकाळी दहा ते एक इथे टेबल लावून आम्ही तिघे बसणार आहोत. एक आपला डिप्लोमा झालेला मुलगा, एक बँकेतली ताई आणि मी. येताना मार्कलिस्टची झेरॉक्स, वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला आणि आजोबांचा काही जुना कागद सापडला तर तो घेऊन या. आई किंवा वडील यांपैकी एकाला बरोबर आणा, नुसते पोराला पाठवू नका. आणि ज्यांनी अकरावीचा पसंतीक्रम अजून भरला नसेल त्यांनी रविवारपर्यंत भरू नका. आधी इकडे या.

जयभीम.